कॅम्पबेल की कॅम्बल? जुन्नर-आंबेगावच्या कागदांतले साहेब आणि त्यांची नावे

जुन्नर किंवा आंबेगावच्या इतिहासाविषयी काहीही वाचायला घेतले की चार पानांच्या आत एक ग्रंथ समोर येतोच: १८८५ साली प्रसिद्ध झालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड. शिवनेरीच्या दरवाजांपासून नाणेघाटातल्या दगडी रांजणापर्यंत सगळ्यासाठी आपण त्याच्याकडे बोट दाखवतो. त्याच्या संपादकाचे नाव आपण जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल असे लिहितो आणि तसेच वाचतो. त्या गृहस्थाच्या स्वतःच्या घरात मात्र हा उच्चार कुणी केला नसता. ते आडनाव आहे कॅम्बल.

त्यातला ‘प’ उच्चारायचा नसतो, कारण तो मुळात नव्हताच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बोलल्या जाणाऱ्या गेलिक भाषेत ‘कॅम’ म्हणजे वाकडे आणि ‘बेउल’ म्हणजे तोंड. कुणा पूर्वजाचे तोंड वाकडे होते, त्यावरून पडलेले हे टोपणनाव. पुढे घराण्याला जहागिरी मिळाल्या, मान वाढला, आणि लॅटिन जाणणाऱ्या लेखकांनी त्या नावाला ‘काम्पो बेल्लो’, म्हणजे सुंदर मैदान, असा साज चढवला. त्या मैदानातला ‘प’ तेवढा लेखनात शिरला आणि कायमचा राहिला. जिभेवर तो कधी आला नाही. मधले नाव मॅकनॅब. ‘मॅक’ म्हणजे पुत्र, आणि मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा पुत्र. तेव्हा ज्याचा आधार आपण उठता-बसता घेतो, तो संपादक नावाच्या अर्थाने पाहिल्यास महंतपुत्र वाकडतोंडे ठरतो.

हसायला हरकत नाही, पण नवल करण्याचे कारण नाही. आपल्याकडे वाकडे आहेत, बोबडे आहेत, टकले आहेत, काळे आणि गोरे तर घरोघर आहेत. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचेच पाहा. ‘ग्रँट’ हा फ्रेंच ‘ग्राँ’चा वंशज, अर्थ मोठा, ‘डफ’ हा गेलिक ‘डुव्ह’चा, अर्थ काळा. मराठीत त्याला मोठे-काळे म्हणता आले असते. आपल्या कानाला डफ म्हटले की शाहीर आठवतो, हा निव्वळ योगायोग.

आता मूळ प्रश्न. लिहायचे एक आणि म्हणायचे भलतेच, असे इंग्रजांच्या नावांत का घडते? समाजमाध्यमांवर फिरणारी गमतीची उदाहरणे तुम्ही पाहिली असतील. अक्षरे जोडून ‘चोल्मोंडेली’ असे वाचावे, तर माणूस म्हणतो ‘चमली’. ‘फेदरस्टोनहॉ’ दिसते, उच्चार ‘फॅनशॉ’. ‘बोशाँ’ असे फ्रेंच नाव दिसते, उच्चार ‘बीचम’. हा विक्षिप्तपणा नाही. बोलताना नावे झिजतात, हा सर्व भाषांचा नियम. इंग्लंडात १०६६ नंतर फ्रेंच बोलणारे नॉर्मन सरदार आले आणि त्यांची नावे इंग्रजी जिभेवर घासली गेली. १४७६ साली कॅक्स्टनने तेथे छापखाना घातला. पुढच्या दोन शतकांत छापील लेखन हळूहळू गोठले. उच्चार मात्र गोठला नाही, तो पुढे चालत राहिला. त्यातून जमिनीशी आणि वारसाहक्काशी बांधलेली नावे कुणी सहजी बदलत नाही, कारण जुन्या दस्तात जे अक्षर आहे त्यावर वतन टिकते. त्यामुळे चमली साहेबाने आपल्या आजोबांच्या आजोबांची अक्षरे अंगरख्यासारखी जपली आणि उच्चार स्वतःच्या काळाचा ठेवला.

झीज आपल्याकडेही तेवढीच झाली आहे. खुद्द जुन्नर हे जीर्णनगराचे, जुन्या नगराचे झिजलेले रूप आहे असे परंपरेने सांगितले जाते. नाणेघाटाच्या लेण्यात जा. तेथे सातवाहन राजकुलाचे पुतळे होते. आज पुतळे नाहीत. पायांच्या खुणा आणि वरची नावे उरली आहेत. आपण जिला नागनिका राणी म्हणतो, तिचे नाव तेथे ‘नायनिका’ असे कोरले आहे. दोन स्वरांमधला ‘ग’ प्राकृतात झिजून त्याचा ‘य’ झाला होता. सातकर्णी राजाचे नावही तेथे ‘सातकनि’ असे आहे, त्यातला रफार गळालेला. फरक इतकाच की आपल्या पाथरवटाने बोलले तसे कोरले. इंग्रज कोरणारा असता तर त्याने ‘नागनिका’ लिहून ‘नायनिका’ वाचले असते.

अर्थात आपणही अगदी सोवळे नाही. ‘राम’ लिहिताना शेवटी अकार असतो आणि बोलताना तो आपण गिळतो. चहा आणि चमचा या दोन शब्दांचा आरंभ एकाच ‘च’ने करतो, पण दोन्ही ‘च’ वेगळे उच्चारतो. परक्या माणसाला हे कुणी सांगितले नाही तर तो चहाच्या ‘च’नेच चमचा ढवळील.

साहेबाच्या नावाचा आणि आपल्या गावांच्या नावांचा पहिला मोठा सामना झाला तो नाणेघाटातच. १८२८ साली विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी तेथे पोहोचला. दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी सरकारने त्याला नेमले होते. हा माणूस पिके मोजी, पक्षी गोळा करी, हवेचा दाब टिपी आणि लेण्यांतले लेखही उतरवून घेई. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या त्याने केलेल्या नकला १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या गेल्या.

त्याच्या नावाचा अर्थ फार गोड आहे. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, ‘साइक’ म्हणजे पाणथळ रानातून वाहणारा लहानसा ओहोळ. जो ओढ्याकाठी राहतो तो साइक्स. आपल्याकडचे ओढे किंवा ओव्हाळ हे त्याचे भाऊबंद. ज्या मावळात पावसाळ्यात पावलागणिक ओहोळ लागतात, तेथे हे ओढे-साहेब वह्या घेऊन हिंडत होते. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून त्यांना दिसलेल्या गोल इंद्रधनुष्याचे, म्हणजे इंद्रवज्राचे, वर्णन तुम्ही ट्रेकरांच्या लेखांत वाचले असेल. तेथे बहुधा ‘१८३५ साली साइक्सला इंद्रवज्र दिसले’ असे लिहिलेले असते. १८३५ हे त्याचा हवामानावरील निबंध लंडनला छापल्याचे वर्ष आहे. साइक्सने हिंदुस्थान १८३१ मध्येच सोडला होता, तेव्हा दर्शन त्यापूर्वीचे.

साइक्सच्या लेखनात जुन्नर शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो रोमन लिपीत जे लिहितो ते अक्षरे जुळवून ‘जूनूर’ असे दिसते, आणि दख्खन ‘दुखून’ असे दिसते. या शब्दांना हसण्यापूर्वी क्षणभर थांबा. इंग्रजीत ‘बट’, ‘कट’, ‘सन’ या शब्दांत यू हे अक्षर असते आणि त्याचा उच्चार अकाराजवळ जातो. साइक्स तेच यू वापरतो. त्याच्या पद्धतीने ‘दुखून’ वाचले की ‘दखन’ ऐकू येते आणि ‘जूनूर’ वाचले की ‘जूनर’. जुन्नरच्या माणसाने जे म्हटले ते त्याने कानाने ऐकले आणि हाताशी असलेल्या अक्षरांत बसवले.

हीच गोष्ट त्याच दशकात आपल्या बाजूनेही चालू होती. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्या वर्षीच्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने चावंड आणि जीवधन हे किल्ले घेतले. रोमन लिपीतल्या या नावाचा शेवट पाहिला की इंग्रजीतला ‘रिज’, म्हणजे डोंगराची धार, डोळ्यांपुढे येते आणि सह्याद्रीच्या धारेवरचे किल्ले घेणाऱ्याला नाव शोभले असे वाटते. पण ती धार नाही. जुन्या इंग्रजीत पुरुषांच्या नावांना ‘रिक’ असा शेवट असे, अर्थ सत्ताधीश. तो आणि आपला ‘राजन्’ एकाच मुळाचे. धार ही नंतर लेखनाने केलेली फसवणूक.

या नव्या राज्याचा पहिला कारभारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १८१८ मध्ये दख्खनचा कमिशनर, पुढल्या वर्षी मुंबईचा गव्हर्नर. मराठी कागदांत तो ‘अल्पिष्टन’ होतो. शाळेत आम्हाला हे रूप अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत. उलट पाहा. रोमन लेखनात नावाच्या शेवटी इंग्रजीतला दगड, म्हणजे ‘स्टोन’ दिसतो, आणि आजचा वाचक ‘एल्फिन्स्टोन’ असे लिहून मोकळा होतो. पण हे स्कॉटलंडातल्या एका गावाचे नाव आहे आणि त्याच्या शेवटी दगड नसून ‘टन’ आहे: कुंपण घातलेली वस्ती, वाडी. इंग्रजीतला ‘टाउन’ हा शब्द त्याचाच सख्खा. बोलताना तो आखूड ‘ष्टन’ असाच होतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला स्पेलिंग ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच तो फसला नाही. त्याने जे कानावर पडले ते लिहिले.

पुढचा गव्हर्नर जॉन माल्कम, १८२७ ते १८३०. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेचा. इंग्रजी लेखनात या नावात ‘ल’ दोनदा येतो आणि दुसरा मुका असतो. पेठेचे नाव ठेवणाऱ्या मराठी माणसाने दुसऱ्या ‘ल’ला घरात घेतलेच नाही. नावाचा अर्थही आपल्याला परका वाटू नये. गेलिक ‘मेल कोलम’ म्हणजे कोलंबा नावाच्या संताचा सेवक. ‘मेल’चा मूळ अर्थ मुंडण केलेला. रामदास, विठ्ठलदास, केशवदास यांच्या पंक्तीत बसणारे नाव आहे हे.

आता जुन्नरजवळच्या हिवऱ्याकडे चला. दापोडीला कंपनी सरकारने वनस्पती उद्यान काढले होते, आणि हिवरे येथेही त्याच कारभाराखाली बाग होती. १८३८ पासून तिची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सनकडे आली. औषधी वनस्पती लावणे, दवाखान्यांना पुरवणे, शेतकऱ्यांना नवी रोपे देणे, अशी कामे तेथे चालत. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. गिब्सन म्हणजे गिबचा मुलगा, आणि गिब हे गिल्बर्टचे घरगुती रूप, जसे आपल्याकडे ज्ञानेश्वराचे ज्ञाना आणि विठ्ठलाचे विठू. त्यातला ‘बर्ट’ म्हणजे तेजस्वी; संस्कृतातील ‘भ्राजते’, म्हणजे झळाळतो, याच्याशी त्याचे नाते आहे. एवढे सांगून गिब्सनला सोडतो, कारण खरी मेजवानी त्याच्या सहलेखकाच्या नावात आहे.

१८६१ साली गिब्सनच्या जोडीने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणारा आणि पुढे वनखात्यात त्याच्याच जागी आलेला निकोल अलेक्झांडर डालझेल. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी त्याला ओळखतात. वाहत्या पाण्यातल्या खडकांना चिकटून वाढणाऱ्या ‘डालझेलिया’ या वनस्पतीला त्याचेच नाव आहे. नाव आपण ‘झ’ ठणठणीत उच्चारून वाचतो. स्कॉटलंडात या आडनावाचा जुना, परंपरागत उच्चार आहे ‘डीएल’. ‘झ’ नाही, मधला ‘ल’ही नाही.

हे कसे झाले? जुन्या स्कॉट लेखनात ‘योख’ नावाचे एक अक्षर होते. दिसायला मराठी तीनच्या आकड्यासारखे, शेपूट खाली वळलेले, आणि ध्वनी साधारण ‘य’सारखा. डीएलच्या जुन्या लेखनात हे योख होते. छापखाने आले तेव्हा खिळे बाहेरून येत आणि त्यांत योख नसे. मग खिळे जुळवणाऱ्यांनी त्याच्यासारखा दिसणारा झेड हाताला लागेल तसा बसवला. अशाने ‘मिंगिस’ नावाच्या माणसांच्या पाटीवर रोमन लिपीत ‘मेन्झीस’ आले आणि डीएलचा डालझेल झाला. पेटीत एक खिळा नव्हता, त्यापायी शेकडो घराण्यांची नावे कायमची दुभंगली. काही घराण्यांनी पुढे कंटाळून ‘डालझेल’ हाच उच्चार स्वीकारलाही.

मोडी शिकणाऱ्यांना ही गोष्ट लगेच पटेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. तो कागद बाळबोधीत छापायचा म्हटले की छापणाऱ्याला इकार-उकार स्वतःच्या समजुतीने ठरवावे लागतात, आणि एकदा छापले की ते ‘मूळ कागदातले’ म्हणून चालू लागतात. लिपी बदलताना काहीतरी सांडतेच.

जमिनीच्या मोजणीकडे वळलो तर दोन नावे टाळता येत नाहीत. १८३६ मध्ये इंदापुरातून जी नवी सारापद्धत सुरू झाली आणि पुढे इलाखाभर पसरली, तिचे जनक गोल्डस्मिड आणि विंगेट. पहिला सरळ सोनार. दुसऱ्याच्या नावातला ‘विंग’ म्हणजे पंख नाही आणि ‘गेट’ म्हणजे फाटक नाही. जुन्या इंग्रजीत ‘विंडगेट’ म्हणजे जेथून वारा सुसाटत येतो अशी खिंड. नाणेघाटाच्या माथ्यावर जूनच्या अखेरीस उभे राहून पाहिले असेल, त्याला या नावाचे भाषांतर करून द्यावे लागणार नाही.

जुन्नर-आंबेगावचा भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्या मंडईत जातो. आजची महात्मा फुले मंडई १८८६ साली उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे याचे नाव होते. रोमन लिपीत या नावाची चार अक्षरे आहेत, पण उच्चार एका ‘रे’त संपतो, आणि मुंबईच्या रे रोड स्थानकाच्या नावात लोकांनी तो अचूक ठेवला आहे. या रे साहेबाचे आडनाव मकाय. आपण ‘मॅके’ म्हणतो, कारण अक्षरे तशी दिसतात. गेलिकमध्ये ते ‘एध’ नावाच्या पूर्वजाचे वंशज, आणि ‘एध’ म्हणजे अग्नी. संस्कृतात ‘एधस्’ म्हणजे इंधन, मूळ एकच. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा अग्निपुत्र आणि आपल्या यज्ञातली समिधा यांच्यात शब्दाचे नाते निघते, ते असे.

पुण्याच्या बाकीच्या पाट्या भरभर वाचून टाकू. फर्ग्युसन म्हणजे फर्गसचा मुलगा. फर्गसमधला ‘फेर’ म्हणजे पुरुष आणि तो आपल्या ‘वीर’चा भाऊबंद. (महाविद्यालयाला नाव दिलेला गव्हर्नर सर जेम्स आणि लेण्यांवर लिहिणारा जेम्स फर्ग्युसन ही दोन वेगळी माणसे, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.) बार्टल फ्रिअर याला कुणी ‘फ्रेरे’ लिहितात, उच्चार फ्रिअर, मूळ फ्रेंच ‘फ्रेर’, म्हणजे भ्राता, तेव्हा हे झाले भाऊसाहेब. गव्हर्नर वुडहाउसच्या लेखनात ‘वोडेहाउस’ दिसते, पण मुंबईकरांनी रस्त्याला वुडहाउस रोडच म्हटले. आणि गव्हर्नर जॉर्ज क्लार्क. त्याच्या नावाचे रोमन लेखन हुबेहूब कचेरीतल्या कारकुनाचे, आणि उच्चारही तोच: क्लार्क. हिंदीत तो ‘क्लर्क’ झाला. मराठीत बँकेत लागलेला मुलगा आजही ‘क्लार्क’ असतो, म्हणजे आपण येथेही डोळ्यापेक्षा कानाला मानले.

आतापर्यंत कान जिंकत आला. पण आता पुन्हा डोंगरात जायचे आहे, आणि तेथे हा हिशेब तितका सोपा राहत नाही.

जुन्नर, आंबेगाव आणि अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळ्यांनी कंपनी सरकारविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वारंवार उठाव केले. १८२९-३० च्या सुमारास रामा किरवा आणि त्याच्या साथीदारांच्या पाठलागावर कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश होता. त्याने पुढे महादेव कोळ्यांवर एक विस्तृत निबंध लिहिला. तो १८३७ मध्ये मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत छापला गेला. कुळे, चालीरीती, देवदेवता, नाईकांचे अधिकार, सगळे त्यात आहे. आजही या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो ओलांडून जाता येत नाही.

त्या नावाचा अर्थ काय? ‘मॅक’ म्हणजे पुत्र, आणि उरलेला भाग गेलिक ‘तोशिख’, म्हणजे प्रमुख, टोळीचा पुढारी. आयर्लंडचा पंतप्रधान आज ज्या ‘तीशख’ या पदाने ओळखला जातो, तो हाच शब्द. मॅकिंटॉश म्हणजे नाईकाचा लेक. या कुळाचे लोक १७४६ साली कलोडनच्या माळावर इंग्रज राजाविरुद्ध लढून मेले होते. त्यानंतर स्कॉटलंडच्या डोंगरी कुळांवर शस्त्रबंदी आली, त्यांचा पारंपरिक पोशाखही कायद्याने बंद झाला. आणि एका शतकाच्या आत ते नाव धारण करणारा एक अधिकारी सह्याद्रीच्या डोंगरात नाईकांच्या मागे फिरत होता. या कॅप्टनचे स्वतःचे घर कलोडनशी किती जवळचे होते, हा येथे मुद्दा नाही; नावच पुरेसे बोलके आहे. (मेणकापडाच्या पावसाळी कोटाला इंग्रजीत हेच नाव आहे, आणि ॲपलच्या संगणकालाही, तो मात्र एका सफरचंदाच्या जातीवरून. नाईकाचा लेक आज तुमच्या मांडीवर असू शकतो.)

या निबंधानंतर सुमारे दहा वर्षांनी रघोजी भांगरे पकडले गेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. त्यांच्याविषयी इंग्रजी साधनांत, त्या गॅझेटियरांतही, आडनाव येते ते रोमन अक्षरांत जुळवले तर ‘भांग्रिया’ असे. काही मराठी पुस्तकांनी ते पुन्हा देवनागरीत आणताना ‘भांग्रिया’ असेच छापले. या नावाचे आडनाव आपल्या डोंगरात नाही. मग साहेबाने ते कोठून आणले?

माझ्या मते त्याचा कान येथेही ठीकच होता. मराठीत भांगरे हे आदरार्थी रूप. त्याच माणसाला एकेरीत, तुच्छतेने हाक मारायची तर ‘भांगऱ्या’. चौकीवर, कचेरीत, पाठलाग करणाऱ्या तुकडीत सरकारी माणसे फरारी बंडखोराचे नाव कसे घेत असतील? रघोजीराव भांगरे असे नक्कीच नाही. साहेबापुढे जे बोलले गेले ते त्याने प्रामाणिकपणे लिहून घेतले, आणि एका पोलिसी तोंडातली एकेरी हाक ग्रंथांत आडनाव म्हणून कायम झाली. नुसते ‘उच्चार बरोबर टिपला’ म्हणून भागत नाही. तो कुणाच्या तोंडून टिपला, हेही विचारावे लागते. अल्पिष्टन लिहिणाऱ्या कारकुनाने नावापुढे ‘साहेब बहादूर’ जोडले असेल. रघोजींचे नाव लिहून घेणाऱ्यापुढे तसे जोडणारा कुणी उभा नव्हता.

१८७० च्या दशकात हंटरच्या पद्धतीने सरकारने भारतीय नावांचे रोमन लेखन नियमबद्ध केले. ‘जूनूर’ जाऊन जुन्नर आले. ठिकाणांच्या नावांचे भले झाले. माणसांच्या नावांना मात्र या नियमाने एकेरीतून आदरार्थीत आणले नाही, कारण तो स्पेलिंगचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा जुन्या कागदांत आपले गाव शोधणाऱ्यांना काही व्यवहारी सूचना. डिजिटल ग्रंथसंग्रहात आजच्या स्पेलिंगवर थांबू नका. अकाराच्या जागी यू घालून पाहा, उकाराच्या जागी दोन ओ घालून पाहा, ‘ई’च्या जागी दोन ई घालून पाहा. आंबेगाव आज धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गॅझेटियरात घोडेगाव शोधायचे तर ‘घोडे’ एवढेच नाव घाला. एखाद्या बंडखोराचे नाव ‘या’ने संपताना दिसले, तर ते आडनाव म्हणून उतरवण्याआधी त्या गावातल्या लोकांना त्या घराण्याचे नाव विचारा. आणि साहेबांची नावे मराठीत लिहिताना एकदा उच्चारकोश उघडा. कॅम्पबेलला कॅम्बल म्हटल्याने त्याचे काही बिघडत नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात एखाद्या बंगल्याला, बांधाला, आंब्याला किंवा घाटवाटेला अजून साहेबाचे नाव चिकटलेले असेल, तर म्हातारी माणसे ते जसे उच्चारतात तसेच, एकही अक्षर न सुधारता, खाली लिहून पाठवा. त्यातून मूळ नाव कोणते, ते पुढच्या धाग्यात शोधू.